कुस्तीचे डाव आणि जपानचा ज्युदो

कुस्ती तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. आपल्या गावच्या यात्रेत डफडे वाजते आणि पहिल्यांदा लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. त्यात मी दोन वेळा पडलो. मी वर्गात सर्वांत बारीक आहे. मुले मला काडी म्हणतात. मला वाटायचे, ज्याच्या अंगात जोर जास्त तोच जिंकतो. मग आपण कशाला लढायचे? पण ते खरे नाही, हे मला आता समजले. म्हणून मी हा लेख लिहिला आहे.

माझे आबाजी तरुणपणी कुस्त्यांच्या दंगलीत खेळायचे. मारोतीच्या देवळामागे जुना आखाडा आहे. तिथे आम्ही सात पोरं त्यांच्याजवळ शिकतो. नांदुऱ्याचा मारोती १०५ फूट उंच आहे. आमचा हातभर आहे. पण त्याच्या पाया पडल्याशिवाय आम्ही मातीत उतरत नाही.

आखाड्याच्या मातीत खडा ठेवत नाहीत. तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालतात. रोज आधी माती खणायची, मग जोर-बैठका, मग कुस्ती. मला खणायचा फार कंटाळा येत होता.

कुस्ती अशी होते. आधी दोघे हात मिळवून सलामी देतात. मग खडाखडी चालते. म्हणजे एकमेकांचा अंदाज घेतात. मग डाव टाकतात. ज्याची पाठ मातीला लागली तो चीत झाला.

डाव खूप आहेत. मला तीन येतात.

१) पट : खाली वाकून समोरच्याचा पाय धरायचा आणि त्याला पाडायचे. एक पाय धरला तर एकेरी पट, दोन धरले तर दुहेरी पट.

२) टांग : त्याच्या पायात आपला पाय अडकवून त्याला फेकायचे.

३) धोबीपछाड : त्याचा हात धरून गर्रकन पाठ फिरवायची, त्याला आपल्या पाठीवर घ्यायचे आणि समोर आपटायचे. धोबी दगडावर कपडे आपटतो तसे. म्हणून हे नाव आहे.

पण डाव येणे वेगळे आणि तो केव्हा टाकायचा हे समजणे वेगळे. आबाजी म्हणतात, "जोराले जोर लावू नको. तो रेटते त रेटू दे. तू फक्त जागा सोड." समोरचा रेटतो तेव्हा त्याचा तोल पुढे असतो. आपण एकदम बाजूला झालो की तो आपल्याच जोराने पुढे येतो. तेव्हाच डाव टाकायचा.

गुरुजींनी आम्हाला जपानच्या ज्युदोची माहिती सांगितली. तिथे पूर्वी जुजुत्सु नावाची झोंबीची विद्या होती. जिगोरो कानो नावाचा एक मुलगा होता. तोही बारीक होता आणि शाळेत मोठी मुले त्याला त्रास द्यायची. म्हणून तो जुजुत्सु शिकला. १८८२ साली त्यांनी टोकियोत आपली शाळा काढली आणि आपल्या विद्येला ज्युदो नाव दिले. ज्यु म्हणजे मऊपणा, नमते घेणे. दो म्हणजे वाट. पुढे कानो हेडमास्तर पण झाले.

त्यांनी एक गणित सांगितले. समजा, समोरच्याचा जोर १० आहे आणि माझा ७ आहे. मी ७ ने अडवले तर मीच पडेन. पण मी मागे सरलो तर तो तोल जाऊन पुढे येतो. आता त्याचा जोर फक्त ३ राहिला. माझे ७ शिल्लकच आहेत. गंमत आहे की नाही? हे तर आबाजींचेच गणित! ज्युदोतही धोबीपछाडीसारखा डाव आहे. त्याला ते सेओइ नागे म्हणतात.

शिवाजी महाराजांनी पण असेच केले. अफजलखानाची फौज मोठी होती. महाराज त्याच्याशी मैदानात लढले नाहीत. त्यांनी त्याला जावळीच्या जंगलात येऊ दिले आणि १६५९ साली प्रतापगडाखाली हरवले. महाराजांच्या आई जिजाऊ आपल्याच जिल्ह्यातल्या, सिंदखेड राजाच्या.

कुस्ती आणि ज्युदोची गाठ पण पडली आहे. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवून मदत केली. तिथे खाशाबांना जपानच्या शोहाची इशी यांनी हरवले. इशी आधी ज्युदो खेळायचे. त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि खाशाबांना कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

आता माझी चूक सांगतो. एका मुलाने मला मधल्या सुट्टीत काडी म्हणून ढकलले. मी बाजूला झालो, त्याचा हात धरला आणि धोबीपछाड टाकली. तो फरशीवर पडला. मला आधी आनंद झाला. पण तो रडायला लागला. त्याचे कोपर सुजले. आठ दिवस त्याला पेन्सिल धरता आली नाही. त्याचा अभ्यास मी लिहून दिला.

आबाजींनी मला मारले नाही. आठ दिवस एकट्याला माती खणायला लावली, कुस्ती बंद. शेवटच्या दिवशी विचारले, "माती काहून खणतो रे आपन?" मला सांगता आले नाही. ते म्हणाले, "पडनाऱ्यासाठी खणतो."

ज्युदोतही आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. कानो म्हणायचे, शिकताना आपले आणि दुसऱ्याचे दोघांचेही भले झाले पाहिजे.

म्हणून मित्रांनो, डाव मातीतच करा, शाळेत करू नका. तो मुलगा आता माझ्याबरोबर आखाड्यात येतो. आता आम्ही आठ आहोत. परवा त्याने मला दुहेरी पटाने चीत केले. माती मऊ होती, मला काही लागले नाही. ती मीच खणली होती.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी