बोलावं तर पाणीवाल्या बाईंसारखं!

मैत्रिणींनो, चारचौघींसमोर बोलायचं म्हटलं की तुमच्याही पोटात गोळा येतो ना? माझ्या तर अजूनही येतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानावर, सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या सभा होत आल्या. विलासराव देशमुखांचा मिश्कीलपणा, गोपीनाथ मुंडेंचा खडा आवाज मराठवाड्याने भरभरून ऐकला. त्यामुळे माझी आपली समजूत, की आवाज हवा, भारी शब्द हवेत. मग झालं भाषण!

काही वर्षांपूर्वी एका वस्तीत पाण्यासाठी बायकांची बैठक होती. मी रात्र जागून भाषण पाठ केलं. महिला सक्षमीकरण, सामाजिक परिवर्तन, सगळं त्यात होतं. पाच मिनिटांत बायकांची आपापसात कुजबुज सुरू झाली. शेवटी एक आजी म्हणाल्या, ‘‘बाई, ते समदं ऱ्हाऊ द्या. टँकर कवा येणार तेवढं सांगा.’’ मला ते माहीतच नव्हतं! मान खाली घालून घरी आले.

त्या रात्री मृणालताई गोरे आठवल्या. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. तरी १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून इतक्या झगडल्या, की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’च म्हणू लागले. १९७२ मध्ये महागाई भडकली तेव्हा त्या, अहिल्या रांगणेकर आणि इतर जणींनी बायकांना एकत्र आणलं. लाटण्याने थाळ्या वाजवत बायका रस्त्यावर उतरल्या. त्या आवाजाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही! १९७७ मध्ये मृणालताई लोकसभेवर गेल्या, इंदिराजी हरल्या. तेव्हा घोषणा गाजली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’

मृणालताईंच्या बोलण्याला वजन का होतं? कारण तेल, साखर, रॉकेल, हंडाभर पाणी हे ऐकणारीच्या घरातलं दुखणं त्यांना ठाऊक होतं. ‘ही आपलीच आहे’ असं बाईला वाटलं, की ती कान देऊन ऐकते.

मग मीही वही घेऊन घरोघर फिरले. टँकर कधी येतो, किती हंडे मिळतात, पाण्यापायी कुणाच्या लेकीची शाळा बुडते, सगळं लिहून घेतलं. बायकांना घेऊन साहेबांकडे गेले. पाय लटपटत होते, पण मोजून चार वाक्यं बोलले. साहेबांनी पेन काढलं. टँकरची वेळ ठरवून मिळाली. नळ नाही आला, पण मुली वेळेवर शाळेत जाऊ लागल्या.

बाहेर आल्यावर त्याच आजी म्हणाल्या, ‘‘आज बोलल्या बाई तुमी!’’

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेत टाळी वाजवण्याआधी एवढंच बघा, बोलणाऱ्याला आपल्या घरातला रिकामा हंडा ठाऊक आहे का?