गोठ्याला वही हवी

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी हातात पडतो, म्हणून धंदा बरा चाललाय असे वाटते. पण वर्षाखेरीस "गाईने काय ठेवले?" असे कुणी विचारले, की आपण आढ्याकडे बघतो. येणे डेअरीच्या कार्डावर असते. जाणे कुठेच लिहिलेले नसते.

एक साधी वही घाला. रोजचे दूध, पेंड, औषधपाणी लिहा. घरी प्यायलेले दूध डेअरीच्या भावाने जमेला धरा. घरचा चारा बाजारभावाने आणि घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा. चारा घरचा म्हणजे फुकट नव्हे. विकला असता तर पैसेच आले असते.

खुराकाचा हिशोबही दुधावर बसवा. शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो, शिवाय गाईला दर अडीच लिटरमागे व म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो, असा ढोबळ नियम आहे. आटत आलेल्या जनावराला भरदुधाचा खुराक घालणे म्हणजे पेंडीचे पोते उकिरड्यावर ओतणे.

खरा तोटा मात्र माज चुकल्याने होतो. माज साधारण 21 दिवसांनी फिरून येतो. भाकड गाईचा खर्च रोजचा 150 रुपये धरला, तर एक माज चुकला की 3,150 रुपये गेले! म्हणून माजाची तारीख लिहा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्या. पुढे दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करा. गाय सुमारे 280 दिवसांनी, म्हैस सुमारे 310 दिवसांनी विते. त्याआधी दोन महिने तिला आटवावी लागते.

या दोन महिन्यांत दूध थांबते, बँकेचा हप्ता थांबत नाही. तेव्हा कर्जाने दोन गाई घ्यायच्या तर एकदम आणू नका. दुसरी पाच-सहा महिन्यांनी आणा, म्हणजे एक आटली तरी दुसरी हप्ता भागवील.

ग्रामसेवक आणि सोसायटीच्या सचिवांनाही विनंती, की कर्जप्रकरण करताना सात-बाऱ्याबरोबर ही वहीही मागा. आणि बंधूंनो, तिसरी गाय घ्यायची की नाही, हे शेजाऱ्याच्या गोठ्याकडे बघून ठरवू नका. आपली वही उघडा आणि मगच दावे विकत घ्या.