सैन्यदलाची वाट दहावीनंतरच ठरते



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यात होते, हे आपण सर्व जाणतो. पुढे इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. आज भरतीत जातीचा अडसर नाही, तशा राखीव जागाही नाहीत. म्हणूनच पूर्वतयारीला फार महत्त्व आहे.

माझाच अनुभव सांगतो. मी १९९८ साली बारावी उत्तीर्ण झालो. हवाई दलात तांत्रिक कामावर जाण्याची इच्छा होती. परंतु दहावीनंतर गणिताच्या भीतीने मी कला शाखा घेतली होती. भरतीची जाहिरात हाती आली तेव्हा गणित व भौतिकशास्त्र ही अट वाचून अर्ज तसाच घडी करून ठेवला. कोणता विषय सोडला की कोणते दार बंद होते, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. नांदेड-लातूरच्या आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

भूदल : जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के व प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. तांत्रिक पदासाठी बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर आयटीआय असावे लागते. लिपिक पदासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० टक्के आणि इंग्रजी व गणित किंवा हिशेबशास्त्र यांतही ५० टक्के हवेत. २०२३ पासून लेखी परीक्षा आधी व धावणे नंतर अशी पद्धत आली आहे. म्हणून केवळ मैदानावर घाम गाळून भागत नाही.

नौदल : एसएसआर पदासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते. एमआर पदासाठी दहावी पुरते. प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का येथे होते. समुद्रावर महिनोन्‌महिने राहण्याची मनाची तयारी हवी.

हवाई दल : बारावीला ५० टक्के व इंग्रजीतही ५० टक्के. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो, मात्र इंग्रजी कच्चे असेल तर येथेच गाडी अडते.

या तिन्ही दलांत जवान म्हणून प्रवेश २०२२ पासून अग्निपथ योजनेतून होतो. नोकरी ४ वर्षांची. योजनेनुसार त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होतात. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. पगारातून दरमहा ३० टक्के कपात व तेवढीच सरकारची भर मिळून शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती पडतात. बँकेच्या खिडकीत बसणारा माणूस म्हणून सांगतो, एकरकमी आलेला पैसा लग्न आणि स्लॅब यांत पाहता पाहता संपतो. त्यातला मोठा भाग पुढच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत टाकावा, आणि नोकरीत असतानाच पदवीचा अभ्यास चालू ठेवावा.

अधिकारी व्हायचे असेल तर बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा आहे. ही नोकरी ४ वर्षांची नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. मात्र लेखी परीक्षेत ३०० गुणांचे गणित सर्वांनाच आहे. अनुसूचित जाती-जमातींना व मुलींना परीक्षा शुल्क नाही. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा खुली झाली. छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांची तयारी करून घेते. तेथील प्रवेश दहावीनंतर होतो. मुलींसाठी अशी संस्था नाशिकला आहे.

थोडक्यात, गणवेशाचा रंग पाहून दल निवडू नका. आपले विषय, आपले शरीर आणि घरची गरज पाहून निवडा. वयोमर्यादा व उंचीच्या अटी बदलत असतात, त्या चालू जाहिरातीतूनच वाचा. आणि पालकांना विनंती, दहावीचा निकाल लागला की शाखा ठरविण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला एकदा जरूर विचारा, "तुला सैन्यात जायचे आहे का?" दोन वर्षांनी विचारून उपयोग नसतो.

जयभीम!