आपल्या पायांवर उभे स्वयंपाकघर

दिवाळीच्या तोंडावर घर रंगवायला काढले, की सामानसुमानाचे दोन पक्ष पडतात. काही वस्तू निमूटपणे उठून गॅलरीत जाऊन बसतात आणि रंग वाळला की आपल्या जागी परततात. काही मात्र भिंतीला अशा बिलगलेल्या असतात, की रंगाऱ्याला त्यांच्या कडेकडेने कुंचला फिरवून पुढे जावे लागते. त्यांच्यामागे काय चालले आहे, ते भिंतीलाच ठाऊक! अलीकडच्या स्वयंपाकघरांत या दुसऱ्या पक्षाचे बहुमत झाले आहे. ओट्याखाली ट्रॉल्या, डोक्यावर टांगलेली कपाटे, सगळे स्क्रूंनी पक्के. दिसते देखणे, यात शंका नाही. पण आज मी वकीलपत्र घेतले आहे ते पहिल्या पक्षाचे : सुट्या कपाटांचे, मांडण्यांचे, टेबलांचे.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा, तेव्हा शब्दांपासून सुरुवात केली तर वाचक क्षमा करतील. ‘कपाट’ हा शब्द संस्कृत. त्याचा मूळ अर्थ दाराची फळी, कवाड. म्हणजे कपाटाचा सारा मोठेपणा झाकण्यात. ‘मांडणी’ मात्र ‘मांडणे’ या क्रियापदाची लेक. तिच्यावर वस्तू चारचौघांत दिसतील अशा मांडायच्या. आणि आपल्याकडे संसारसुद्धा मांडतात. तो भिंतीला कोणी ठोकत नाही. फ्रेंच भाषेत अशा सामानाला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच ‘हलवता येणारे’ असा आहे.

जुन्या वाड्यांत भिंतीतल्या सोयी नव्हत्या असे नव्हे. त्या जाडजूड भिंतींच्या पोटात कोनाडे आणि फडताळे सहज मावत. खोलीची जागा ती खात नसत. बाकीचा कारभार सुटा : हंडे-कळशांची घडवंची, डब्यांची मांडणी आणि दुभत्याचे जाळीचे कपाट. या कपाटाला मी तर शास्त्रीय उपकरणच म्हणेन. जाळीतून वारा खेळे, मांजराचा पंजा आत शिरत नसे, आणि चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्यांची वाट खुंटे. कपाटाला पाय होते म्हणून हे साधले.

मग हे पक्के बसवलेले स्वयंपाकघर आले कोठून? त्याची आद्य आई म्हणून जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघराचे नाव घेतात. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात घरांची टंचाई होती आणि नगरपालिकेने मोठ्या प्रमाणावर घरे बांधायला घेतली होती. त्यांच्यासाठी १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पज्ञ बाईंनी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा जागेत अवघे स्वयंपाकघर बसवले. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातले चिमुकले स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. बाईची पावले मोजून त्यांनी प्रत्येक खण हाताशी आणला. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तेथे तयार झाली. गंमत अशी, की तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकले!

हेतू थोर होता : गृहिणीचे कष्ट वाचावेत. पण ते स्वयंपाकघर एका बाईच्या मापाचे होते. दुसरी आत आली की कोपराला कोपर लागे. आपल्या करंज्या मात्र एकटीने होत नाहीत. एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरून कातण्याने कापायचे, तिसरीने तळायचे, आणि घरातल्या पुरुषमाणसांनी नुसते चव घेण्यापुरते न येता खोबरे किसायलाही बसायचे. अशा वेळी सुटे टेबल दोन दिवस बाहेरच्या खोलीत गेले, की जमिनीवर चार माणसे ऐसपैस बसतात.

दुसरी गोष्ट उंचीची. बसवलेल्या स्वयंपाकघरात सामान कोठे असते? ओट्याच्या खाली आणि डोक्याच्या वर. कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा, जिथे हात सहज पोचतो, तिथे नुसत्या चकचकीत फरश्या! माझ्या सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नाही आणि स्टुलावर आम्ही त्यांना चढू देत नाही. प्रत्येक वस्तू मागून घ्यावी लागते म्हणून त्यांनी हळूहळू स्वयंपाकघरात येणेच सोडले होते. शेवटी आम्ही टांगलेले एक कपाट उतरवून टाकले, खिडकीशी मांडणी उभी केली, मधल्या दोन फळ्या त्यांच्या नावे करून दिल्या आणि शेजारी टेबल व हातांची खुर्ची ठेवली. भाजी निवडणे, लसूण सोलणे, मिसळणाचा डबा भरणे ही खाती पुन्हा त्यांच्याकडे गेली. आता ‘जिरे संपत आले’ हे त्याच आम्हाला बजावतात. स्वयंपाकघर सजले की नाही, याची मला तरी ही खरी खूण वाटते.

पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि कित्येक कुटुंबे मधली वर्षे भाड्याच्या घरात काढत आहेत. भिंतीच्या मापाने कापलेली कपाटे दुसऱ्या भिंतीला क्वचितच बसतात. मांडणी मात्र टेम्पोत चढते आणि नव्या घरी पहिल्याच संध्याकाळी चहा-साखरेचे डबे अंगावर घेऊन उभी राहते.

सुट्या सामानाचे काही नियम आहेत. पाय निदान सहा इंच उंच हवेत, म्हणजे खालून केरसुणी आणि ओले फडके फिरते, झुरळांना आसरा मिळत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर कपाट चार बोटे पुढे ठेवावे. जड डबे खाली, रोजचे मध्ये, सणावारीचे वर. कपाट उंच असेल आणि घरात लहान मूल असेल, तर ते वरच्या बाजूने एका पट्टीने भिंतीला अवश्य बांधावे. तेवढे बंधन हवेच. आणि गॅसचे सिलिंडर बंद कपाटात कोंडू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खालीच साचतो. त्याला मोकळी हवा मिळाली पाहिजे.

या पक्षातही दोष आहेत. उघड्या मांडणीवर धूळ बसते, फोडणीचा तेलकटपणा चिकटतो, आणि अगदी अरुंद जागेत बसवलेली कपाटेच अधिक सामान पोटात घेतात. म्हणून ओटा, पाणी आणि शेगडी एका जागी पक्की असू द्यावी. बाकीच्यांना पाय द्यावेत. त्यासाठी असलेली कपाटे उखडण्याचे कारण नाही. यंदा एखादे भक्कम लाकडी टेबल आणावे. जुन्या बाजारात ते पुष्कळदा नव्यापेक्षा चांगले मिळते. चार दिवस ते इकडून तिकडे सरकवून पाहावे. त्याची जागा कोणती, हे त्यावर रोज काम करणाऱ्या माणसांनाच ठरवू द्यावे.