सर, आता तुम्ही आरसा

सकाळी ६:५०. पुणे-लोणावळा लोकल कामशेतला थांबते. ताई उतरतात. पाठीवर बोचकं, त्यात दोरी, शिट्टी, खडू, रुमाल. तिकीट पंधरा रुपये. पुढे पवनानगरपर्यंत जीप, सीटमागे तीस. कॉलेजात असताना ताईंनी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी तालमी केल्या. आता कंपन्यांच्या लोकांना खेळायला लावतात, ते पोटासाठी.

७:४०. धरणाच्या कडेचं मैदान. पाण्यापलीकडे तुंग किल्ला. मदतनीस दादा गावातलेच. लोक अनवाणी खेळणार, म्हणून दोघं वाकून काचा वेचतात, बाभळीचे काटे वेचतात. मग फक्कीनं गोल आखायचा. रोज दोन माणसं असतात, आज दादा एकटेच. मावळात भातकापणी सुरू आहे आणि त्यांचा भाऊ इंद्रायणी भाताच्या खाचरात अडकलाय.

९:४५. चाकणहून बस. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची माणसं. साहेब लोक सावलीत खुर्च्यांवर, ऑपरेटर बसला टेकून उभे. ताई घमेलं फिरवतात. ओळखपत्रं आत, मोबाइलही आत. खुर्च्या दादांनी एव्हाना उचलून नेल्यात.

१०:१५. गोलात उभं राहून, मुळात नसलेला चेंडू फेकायचा. ज्याला फेकायचा त्याचं नाव घ्यायचं. एका साहेबांना समोरच्याचं नाव येत नाही. दोन वर्षं एकाच शेडमध्ये आहेत म्हणे. ते विचारतात, तो सांगतो, चेंडू पुढे जातो.

११:००. आरसा. दोघं समोरासमोर, एक करेल ते दुसऱ्यानं करायचं. बोलायचं नाही. ओडिशाचा एक पोरगा आणि प्लांटचे मोठे साहेब. पोरगा लाजतो, काय करावं सुचत नाही. मग रोजचं काम करू लागतो. वाकतो, उचलतो, वळतो, ठेवतो, मनगट झटकतो. साहेब घाईत.

“सर, आता तुम्ही आरसा. पुढे पळू नका. त्याच्याकडे बघा.”

साहेब वाकतात. पुन्हा वाकतात. आठव्या-नवव्या वेळेला कमरेवर हात ठेवून थांबतात. घाम आलाय. नियम मोडून विचारतात, “इतना झुकना क्यों पड़ता है?”

“ट्रे नीचे है, साहब.”

ताई मध्ये पडत नाहीत. शिट्टी वाजवून जोड्या बदलतात.

१:००. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात. दादांच्या घरचा स्वयंपाक, ताटाला दीडशे. जेवताना ताई सांगतात, आरशाचा खेळ व्हायोला स्पोलिनबाईंच्या पुस्तकातला. पुस्तक १९६३चं. शिकागोत देशोदेशीच्या स्थलांतरितांची मुलं त्यांच्या हाताखाली होती, भाषा वेगवेगळ्या. म्हणून त्यांनी नाटक खेळांतून शिकवलं. चाकणच्या शेडमध्येही हिंदी, ओडिया, मराठवाडी, तमिळ असं सगळं एकत्र नांदतं. मला वाटतं, हे खेळ इथं शोभतात ते याच कारणानं.

२:३०. बतावणी. तमाशातला सोंगाड्या समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथं बोलतो, तसं. अट एकच: समोरच्यानं सांगितलेलं नाकारायचं नाही, त्यात भर घालायची. “अहो, छप्पर गळतंय,” ऑपरेटर म्हणतो. “नाही गळत,” सुपरवायझर. संवाद तिथंच खुंटतो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या खेपेला सुपरवायझर वर बघतात. “हो की! फायलींवरच पडतंय. धर, बादली आण.” बसलेले सगळे ओरडतात. पुढची दहा मिनिटं ते दोघं छप्पर शाकारतात आणि थांबवल्याशिवाय थांबत नाहीत.

डोळे बांधून उंचावरून मागे पडायचा खेळ ताई घेत नाहीत. भीती दाखवून विश्वास कसा येणार, असं त्या विचारतात. मलाही ते पटतं.

५:१५. बस निघते. दोरी गुंडाळायची, रुमाल मोजायचे. दोन कमी भरतात. कंपनी रिसॉर्टला पैसे देते, रिसॉर्ट एजन्सीला, एजन्सी ताईंना. पाच हजार, दीड महिन्यानं. दादांचे आठशे मात्र आजच, ताईंच्या पर्समधून.

“उद्या बँकेची माणसं आहेत, दादा.”

“उद्या मला नाही जमायचं, ताई. कापणी हाय. पोराला धाडतो.”

“फक्की आखता येते त्याला?”

“शाळंत कबड्डीचं मैदान तोच आखतो.”

“मग सातला पाठवा. आणि येताना दोन रुमाल आणायला सांगा.”