चोवीस तासांचा जोडीदार

संपादकांना लेख हवा होता सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन मंदिरावर. त्याची माहितीपुस्तिका मी विमानातच चाळून संपवली होती. पण युटामध्ये उतरलो भावाकडे, आणि त्याच्या दारात पांढरा शर्ट, टाय नि छातीवर काळी पाटी लावलेली दोन पोरं येऊन उभी राहिली. मंदिर तिथंच मागे पडलं. वहिनीनं सवयीनं विचारलं, "चहा टाकू?" दोघांनी घाईघाईनं माना हलवल्या. मॉर्मनांना चहा-कॉफी वर्ज्य. मग पोहे आले, आणि ते मात्र दोघांनी मागून घेऊन खाल्ले. पाटीवर आडनावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, असं लिहिलेलं. दोघांतला थोरला एकोणीस वर्षांचा.

आपल्याकडे दारात आलेल्या धर्मप्रचारकाकडे संशयानं बघायची रीत आहे; मीही त्यातलाच. या पंथाचा इतिहास थोडक्यात असा: जोसेफ स्मिथनं 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केलं आणि त्याच वर्षी त्याचे प्रचारक बाहेर पडले. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा एक जण मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही पोचला. आज मुलगे प्रचाराला दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. पगार नाही, उलट अमेरिकेतल्या घरांनी महिन्याला भरायची रक्कम 2020 मध्ये 400 वरून 500 डॉलर झाली. कुठं जायचं ते चर्च ठरवतं. नशिबी ब्राझील येतं, नाही तर चार तासांवरचं शेजारचं राज्य.

हे सगळं मी ऐकून होतो. जोडीचा नियम मात्र नव्यानं कळला.

प्रचारक कधी एकटा नसतो. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवाच. सूट न्हाणीघरासारखी मोजकीच. साडेसहाला उठायचं, साडेदहाला निजायचं, तेही एकाच खोलीत. एकाला ताप आला की दुसराही घरात अडकला. जोडीदार निवडायची सोय नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, तेव्हा जोडी राहते किंवा मोडते. आमच्याकडे आलेल्यांतला एक आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा, दुसरा टोंगा बेटांवरचा.

आठवड्यातून एकदा कामाची आखणी झाली की दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं काय खुपतं ते बोलायचं, असा दंडक आहे. कित्येक नवरा-बायको वर्षानुवर्षं टाळतात ते काम! आयडाहोवाल्याची पहिली तक्रार होती की हा इस्त्री करताना सारखा गुणगुणतो. टोंगावाला म्हणाला, "आणि हा लोकांना बोलणं पुरं करू देत नाही. ते श्वास घ्यायला थांबले की हा पुस्तक उघडतो." मग काय झालं? "त्यानं माफी मागितली, आम्ही प्रार्थना केली, आणि मी पुन्हा इस्त्रीला बसलो. गुणगुणत."

दोघंही खळखळून हसले. भावाचा सोफा गॅरेजमधून तळघरात न्यायचा राहिला होता, हे कळताच त्यांनी टाय खांद्यावर टाकले आणि जिन्याच्या वळणावर तो उभा करून अलगद उतरवला. धर्माचं बोलणं त्यानंतर जेमतेम पाच मिनिटं. असं काम मिळालं की दिवस बरा जातो, म्हणाले. सुट्टीचा दिवस आठवड्यातून एक. त्यात कपडे, किराणा, बास्केटबॉल आणि घरचा फोन. 2019 च्या आधी फोन नाताळला आणि मातृदिनालाच, एरवी पत्र किंवा ईमेल. बंद दारांचं काय, असं विचारल्यावर आयडाहोवाला म्हणाला, "तोंडावर दार लावलं तर चालतं. पडद्याआडून बघतात आणि गप्प बसतात, ते लागतं."

या जोडीचं मला कौतुक वाटलं, आणि धास्तीही. जोडीदार सोबती असतो तसा पहारेकरीही. विशीच्या आतल्या पोराला दोन वर्षं एकट्यानं रडायलासुद्धा कोपरा नाही. घरची आठवण, रोजचे नकार आणि आपण कमी पडतोय ही बोच यांनी काहींची झोप उडते. चर्चलाही हे ठाऊक आहे. ताण कसा सांभाळावा यावर त्यांनी पुस्तिका काढली आहे, समुपदेशकही आहेत. तरी काही जण मुदतीआधी परततात.

सॉल्ट लेकच्या विमानतळाची नवी इमारत बांधताना परतणाऱ्या प्रचारकांचं अख्खं खानदान मावेल असा स्वागतकक्ष मुद्दाम केला आहे. फुगे, फलक, आज्या, चुलत भावंडं. भावाच्या शेजारणीचा मुलगा पाचव्या महिन्यात आला तेव्हा तिनं कुणालाच कळवलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये लोक मायेनंच विचारत, "इतक्या लवकर?" आणि तो पोरगा गाडीत जाऊन बसे.

आता तो घरी राहून सेवा करतो. चर्चनं तशी वाट ठेवली आहे. अन्नछत्राच्या गोदामात डबे लावतो, छातीवर पाटी आहेच. "रात्री झोपतो आता," शेजारीण म्हणाली. तिथं जोडीदार नसतो, हे तिनं मला दोनदा सांगितलं.