आकाशातून उसाची मोजणी : उपग्रह, अवकाश धोरण आणि आपल्या फडाची नोंद

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आमचे कर्मचारी तिलारी घाट उतरून दोडामार्ग भागात आले, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "वरसून आमचो ऊस दिसता मां, मगे तुमी मोजूक कित्याक येतास?" प्रश्न थट्टेने विचारला जात असला तरी तो रास्त आहे. टीव्हीवर चांद्रयान बघितलेला, मोबाईलवर आपलेच घर वरून बघितलेला शेतकरी असे विचारणारच. उपग्रहाला खरोखर काय दिसते, काय दिसत नाही, देशाच्या अवकाश धोरणात अलीकडे काय बदलले आणि त्याचा आपल्या बिलाशी काय संबंध, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

सुरुवात माडापासून

अवकाश संशोधन म्हणजे चंद्र आणि मंगळ, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या देशात दूरून पीक पाहण्याच्या शास्त्राची सुरुवात झाली ती माडाच्या बागेत. १९७० च्या सुमारास केरळात माडांना मूळकुजीसारखा रोग लागला होता. प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेण्यात आली. जमिनीवरून हिरवेगार दिसणारे काही माड त्या छायाचित्रांत वेगळ्या रंगाचे दिसले. रोग डोळ्याला दिसण्याआधी कॅमेऱ्याला दिसला. कोकणातल्या बागायतदाराला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

पुढे १९७५ मध्ये 'आर्यभट', १९७९ मध्ये 'भास्कर' आणि १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा पीक-पाणी-जमीन पाहणारा आपला पहिला नियमित उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. २०१२ साली दिल्लीला महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र स्थापन झाले. तेथे उपग्रह, हवामान आणि जमिनीवरील पाहणी या तिन्हींच्या आधारे देशातील मुख्य पिकांचे अंदाज काढतात. त्या पिकांत ऊसही आहे.

ऊस ओळखतात कसा?

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पीक ताणावर आले, पिवळे पडले की हे प्रमाण बदलते. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो आणि त्यावरून हिरवेपणाचा आकडा काढतात.

पण हिरवे तर भातही असते, केळही असते आणि काजूही. मग ऊस कोणता? हे एका चित्रावरून सांगता येत नाही. वर्षभराची चित्रे एकापुढे एक ठेवावी लागतात. भात पावसाळ्यात हिरवे होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेत मोकळे होते. काजू, सुपारी बारा महिने हिरवी. ऊस मात्र हळूहळू वाढतो, बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो आणि तोड झाली की एकदम शेत उघडे पडते. ही चाल उसाचीच. तोडीनंतर पुन्हा हिरवेपणा आला तर तो खोडवा, हेही त्यावरून समजते. मात्र वाण ८६०३२ की ०२६५, हे वरून खात्रीने सांगता येत नाही. साखर किती भरली हेही थेट दिसत नाही. त्याचा काही अंदाज बांधता येतो, पण ब्रिक्स बघावयास फडातच जावे लागते.

एक चौकोन म्हणजे किती गुंठे?

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. एका चौकोनाला एकच रंग. चौकोनाच्या आत काय काय आहे ते त्याला वेगळे करता येत नाही. म्हणून चौकोन केवढा, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न.

१९८८ च्या पहिल्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन ७२.५ मीटरचा होता. म्हणजे सुमारे ५२ गुंठे! सव्वा एकरात एकच रंग. १९९५ च्या आय.आर.एस.-१सी चा २३.५ मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. आपल्या 'रिसोर्ससॅट' उपग्रहांवरील एका कॅमेऱ्याचा चौकोन ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची चित्रे १० मीटरची असतात आणि ती जगभर कोणालाही मोफत मिळतात. १० मीटर गुणिले १० मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात बरोबर एक आर. सातबाऱ्यावर आपण हेक्टर-आर वाचतो, त्यातलाच हा आर.

आता घाटावरचा सलग पाच एकरांचा फड आणि दोडामार्गातला दहा गुंठ्यांचा तुकडा यांची तुलना करा. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा साधारण ३२ मीटर लांब-रुंद. हिशेबाने त्यात दहा चौकोन बसावयास हवेत. पण चित्राच्या रेषा आपल्या बांधाला धरून आखलेल्या नसतात. बहुतेक चौकोन बांधावर पडतात. त्यात निम्मा ऊस, निम्मी शेजाऱ्याची केळ किंवा गडग्याची झाडी येते. पूर्णपणे उसाचे असे चौकोन बहुधा चारच उरतात. तेच एक एकर सलग ऊस असेल तर निदान २५ चौकोन निव्वळ उसाचे मिळतात. आपल्याकडे तुकडे लहान, बाजूला सुपारी-काजू आणि डोंगराची सावली. अशा ठिकाणी वरचा डोळा गोंधळतो.

तिलारी खोऱ्यात हत्तींचा वावर आहे हे आपण जाणताच. रात्री हत्तीने फडाच्या कडेचे चार-दोन गुंठे तुडवले तर असल्या चित्रात ते उमटेलच याची खात्री नाही. तेथे पंचनामा जमिनीवरच व्हावयास हवा.

ढगांची अडचण आणि रडार

दुसरी अडचण ढगांची. साधा कॅमेरा ढगाखाली बघू शकत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर म्हणजे ऊस जोमाने वाढण्याचे दिवस, आणि तेव्हाच आकाश झाकलेले. यावर उपाय म्हणजे रडार उपग्रह. तो स्वतःच लहरी सोडतो व परत आलेल्या लहरी मोजतो. त्याला ढगाचे वा रात्रीचे वावडे नाही. परत येणाऱ्या लहरींवरून पिकाची उंची, दाटी व ओल यांचा अंदाज येतो.

आपला ई.ओ.एस.-०४ हा रडार उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडण्यात आला. १८ मे २०२५ रोजी ई.ओ.एस.-०९ हा दुसरा रडार उपग्रह सोडला, परंतु अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाल्याने तो कक्षेत पोहोचू शकला नाही. पावसाळ्यात पीक बघणारा एक डोळा त्या दिवशी गेला. अवकाश मोहिमेतले अपयश शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते ते असे.

त्यानंतर ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा उपग्रह यशस्वीपणे गेला. भारताची 'इस्रो' आणि अमेरिकेची 'नासा' यांनी तो मिळून बनविला आहे. त्याची जाळीची तबकडी १२ मीटर व्यासाची आहे. सुमारे ७४७ कि.मी. उंचीवरून तो दर १२ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. त्यावर दोन रडारे आहेत. एकाची लहर सुमारे २४ सें.मी. लांबीची, दुसऱ्याची सुमारे १० सें.मी.ची. लांब लहर पाल्यातून अधिक आत शिरते, आखूड लहर वरच्या पाल्याची माहिती देते. उसासारख्या उंच आणि दाट पिकाला ही जोडी उपयोगी पडावी अशी अपेक्षा आहे. याची माहिती मोफत व सर्वांना खुली ठेवण्याचे दोन्ही देशांनी ठरविले आहे.

धोरणात काय बदलले?

पूर्वी उपग्रह बनविणे, सोडणे आणि त्याची चित्रे देणे हे सर्व सरकारकडेच होते. चित्र हवे तर अर्ज करावयाचा, पैसे भरावयाचे आणि वाट बघावयाची. जून २०२० मध्ये खासगी उद्योगांना हे क्षेत्र खुले करण्याचा निर्णय झाला व त्यांना परवानगी देण्यासाठी 'इन-स्पेस' ही संस्था निर्माण झाली. एप्रिल २०२३ मध्ये 'भारतीय अवकाश धोरण' मंजूर झाले. त्यातली आपल्या कामाची तरतूद अशी : ५ मीटर किंवा त्याहून मोठ्या चौकोनाची सरकारी उपग्रहांची चित्रे सर्वांना मोफत व खुली. त्याहून बारीक चित्रे सरकारी खात्यांना मोफत, इतरांना वाजवी दराने. वर सांगितलेली ५.८ मीटरची चित्रे या मोफत मर्यादेत बसतात.

म्हणजे जे चित्र दिल्लीतल्या कचेरीत बघितले जाते, तसेच चित्र सहकारी साखर कारखान्यालाही बघता येते. सभासदांच्या दृष्टीने या धोरणाचा हा मोठा लाभ होय. पूर्वी अंदाज दुसऱ्याने करावयाचा आणि आपण ऐकावयाचा. आता आपल्याला तो ताडून पाहता येतो.

ऊस आणि अवकाश यांचे नाते तसे जुनेच आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वसविलेले वालचंदनगर हे मूळचे उसाचे आणि साखर कारखान्याचे गाव. साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या तिथल्या उद्योगानेच पुढे इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचे बनविली. चांद्रयान-३ नेणाऱ्या अग्निबाणातही त्या कामाचा वाटा आहे. अग्निबाणाच्या घन इंधनावर काम करणारे व विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झालेले डॉ. वसंत गोवारीकर हे पुण्याचे. त्यांनीच पुढे खतांचा कोश सिद्ध केला.

अंदाज चुकला तर?

देशातील उसाचे क्षेत्र किती, याचा अंदाज साखर उद्योगाची संघटनाही उपग्रहाच्या चित्रांवरून काढते. साखर निर्यात करू द्यावयाची की नाही, उसाच्या रसापासून इथेनॉल करावयाचे की नाही, हे निर्णय अशा अंदाजांवर उभे असतात.

२०२३ चे उदाहरण घ्या. महाराष्ट्र व कर्नाटकात पाऊस कमी झाला. साखर कमी होणार असा अंदाज आला. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठवड्याभराने ती मर्यादित प्रमाणात सैल केली. हंगाम संपला तेव्हा महाराष्ट्रातले साखर उत्पादन सुरुवातीच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. बंदी पूर्ण उठली ती २९ ऑगस्ट २०२४ रोजी, पुढील वर्षासाठी. दरम्यान ज्या कारखान्यांनी इथेनॉलसाठी कर्ज काढून यंत्रे बसविली होती त्यांचे पैसे अडकले. आणि कारखान्याचे पैसे अडकले की सभासदांचे बिल लांबते, हे आपण सर्व जाणतो.

दोष उपग्रहाचा असे म्हणता येणार नाही. उपग्रह क्षेत्र दाखवितो. त्यातून टन किती निघतील हे पाऊस, वाण, लागणीची तारीख आणि खत-पाणी यांवर ठरते. ही माहिती जमिनीवरूनच यावी लागते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या फडांवर ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालू आहे, त्यातही उपग्रहाच्या जोडीला शेतात ओल मोजणारी साधने बसवावी लागलीच.

सभासदांनी काय करावे?

१. लागण झाल्यावर लगेच नोंद द्या. गट नंबर, लागणीची खरी तारीख आणि वाण सांगा. लवकर तोड मिळावी म्हणून तारीख मागे ओढू नका. उगवण कधी झाली ते चित्रांवरून ताडता येते, आणि कोवळा ऊस तुटला तर उतारा सगळ्यांचाच घसरतो.

२. आमचा कर्मचारी मोबाईल घेऊन बांधाने फिरतो तेव्हा त्याच्याबरोबर स्वतः फिरा. चारही कोपरे बरोबर घेतले गेले की नाही ते बघा. कोपरा चुकला तर वरून दिसणारी केळ तुमच्या नावावर ऊस म्हणून पडेल, किंवा तुमचा ऊस शेजाऱ्याच्या नावावर.

३. लहान तुकडे असतील तर शेजाऱ्याशी बोलून एकाच हंगामात, एकाच वाणाची लागण करा. लागून असलेले चार तुकडे मिळून एक एकर झाले तर उपग्रहालाही ओळखता येते आणि तोडणीच्या टोळीलाही सोपे जाते.

४. खोडवा मोडला, ऊस जळाला, हत्तीने किंवा पुराने नुकसान केले, तर गट कार्यालयात लगेच कळवा. "वरून दिसलेच असेल" असे धरून बसू नका.

५. आपल्या नोंदीतले क्षेत्र सातबाऱ्याशी स्वतः ताडून पाहा. फरक आढळल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वी सांगा. गाडी काट्यावर आल्यावर उपयोग नाही.

उपग्रहाचे चित्र आता दिल्लीला मिळते तसे आपल्यालाही मिळते. परंतु त्या चित्रातला हिरवा चौकोन कोणाचा, कोणत्या वाणाचा आणि किती महिन्यांचा, हे सांगणारा एकच माणूस आहे आणि तो म्हणजे सभासद. आपण ते बरोबर सांगितले तर आपल्या भागाचा अंदाज बरोबर येईल, तोडीचा कार्यक्रम नीट लागेल आणि वरच्या पातळीवर कोणी चुकीचा आकडा मांडला तर तो खोडून काढण्यास कारखान्याच्या हाती पुरावा राहील. तरी सर्व सभासदांनी यंदाच्या नोंदी वेळेवर व अचूक देऊन सहकार्य करावे, ही विनंती.